चतुर्थीचा फोन

चतुर्थी आली की अजून माझं लक्ष फोनकडे जातं. राजूरला गणपतीचं दर्शन झालं की तिथल्या हॉटेलात चहा पीत एक शेतकरी काका मला फोन लावायचे. "हां, इंजिनियर, बोलाया लागलं का आपलं ते?"

'ते' म्हणजे माझं ॲप. सामायिक विहिरीवर आज मोटर कुणी लावायची, त्या पाळीची नोंद ठेवणारं. फुकट, आणि कोडही खुला; ज्याला येतं त्यानं उघडून दुरुस्त करावं. शहरात, मस्तगडच्या माझ्या खोलीत बसून आम्ही तिघांनी ते केलेलं. काकांची नजर अधू होत चालली होती. विहीर भावाबरोबर सामायिक आणि भावाशी बोलणं बंद. पाळी फोननंच मोठ्यानं सांगावी, म्हणजे भावाच्या दारात जायला नको, एवढंच त्यांचं मागणं. पुढच्या कामांच्या यादीत मी ते सगळ्यात वर लिहिलं. "येतंय काका, बिलकुल येतंय," म्हणत राहिलो.

मग दोघं सोबती नोकरीत अडकले. एकट्याला आवाजाचं काम झेपेना. यादीतून ते काढलं आणि प्रकल्पाच्या पानावर, चांगलं घोटून, इंग्रजीत निवेदन टाकलं. वा रे शहाणा! आमच्याकडे लग्नाची नुसती पत्रिका धाडली तर माणसं रुसतात. घरी जाऊन "यायचं बरं का" म्हणावं लागतं. हे मला ठाऊक नव्हतं होय? पुढच्या चतुर्थीला फोन वाजला. काय सांगावं कळेना, म्हणून उचललाच नाही. त्याच्या पुढच्या चतुर्थीलाही तेच. मग तो वाजायचा बंद झाला.

शेवटी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, माफी मागितली.

"जमत न्हाई म्हणला असतास तरी चाललं असतं की," काका म्हणाले. "मी आपला वाट बघून राह्यलो. दोन पाळ्या हुकल्या, गहू वाळला. मंग गेल्तो भावाकडं."

चहा पाजला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता चतुर्थीला मीच फोन लावतो. आवाजाचं काम परत धरलंय, कुठवर आलं, तेही सांगतो. ते "इंजिनियर" म्हणतील म्हणून जीव आसुसलेला असतो. ते ऐकून घेतात.

"बरं, बरं. पाळी आता भाऊ सांगतो. तुमचं काही काम व्हतं का?"

मी नाही म्हणतो.