आमच्या जाहिरातींतले बडे चेहरे

जाहिरातीच्या धंद्यात चार वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच मागं लागतात. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुकानं वाढत होती, पाणी आटत होतं. आमची एजन्सी म्हणजे बसअप्पा मालक, रशीदभाई पेंटर आणि मजकूर लिहिणारा मी. घरी बायको विचारायची, "एवढी पैशेवाली माणसं जाहिरातीत कशाला येतात हो?" मी म्हणायचो, "विचारून सांगतो."

*

पहिलं विचारलं ते डाळमिलवाल्या शेटजींना. इंटर्व्हलला दाखवायच्या स्लाइडवर त्यांना डाळीसोबत स्वतःचा फोटो हवा होता.

"गिऱ्हाईक लई हाय," शेटजी म्हणाले. "पण पोरीला बघायला निलंग्याचे पाहुणे यायलेत. त्यांना पिक्चरला न्यायचंय."

रशीदभाईंनी फोटोतल्या पांढऱ्या मिश्या काळ्याभोर केल्या. पाहुणे आले, पिक्चर झाला, स्लाइडही झाली. बाहेर पडल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं शेटजींना विचारलं, "पडद्यावर तुमचे धाकटे बंधू दिसले. ते कसे आले न्हाईत?"

*

अहमदपूरच्या एका नामी पैलवानाला आम्ही चहाच्या जाहिरातीत घेतलं. भिंतीभिंतीवर त्याच्या हातात कपबशी. गड्यानं जन्मात चहा घेतला नव्हता, पण कंपनीनं बजावलं होतं : चारचौघांत दूध पिताना दिसायचं नाही.

एकदा स्टँडवरच्या हॉटेलात पाहतो तर पैलवान बशीतून फुंकर मारत पीत होता. मी खूश झालो. "लागली का सवय?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दूधच हाय. गूळ घातलाय. लांबून च्या दिसतो."

*

मग साडीच्या दुकानाचं उद्घाटन. मुंबईहून सिनेमातल्या बाई येणार होत्या. त्यांच्या सेक्रेटरीचा नियम एकच : गर्दी जमल्याशिवाय गाडी गल्लीत शिरणार नाही. गर्दी जमली होती, पण तो म्हणाला, "अजून वाढू द्या." गाडी गावाबाहेर झाडाखाली थांबली. लोक तासभर उन्हात उभे राहिले आणि घरी गेले. बसअप्पांचा चेहरा पडला.

तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला. हंडे, घागरी, बादल्या घेऊन सगळा मोहल्ला धावला. सेक्रेटरीनं लांबून ही झुंबड पाहिली आणि गाडी बोलावली. बाई उघड्या जीपमध्ये उभ्या राहून हात हलवत आल्या. टँकरकडं धावणाऱ्यांच्या पाठी पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"इतकी माणसं मुंबईतसुद्धा धावत नाहीत," त्या म्हणाल्या.

रशीदभाईंनी आपली भरलेली बादली पायानं मागं सरकवली. "आपल्यासाठीच आलेत, म्याडम."

*

सगळ्यात मोठा चेहरा मिळाला तो पाण्याच्या पंपाला. खरोखरचा हीरो. एका टेकमध्ये काम संपवणारा म्हणून त्याचं नाव होतं. शूटिंग हदगावकडच्या एका शेतात. विहीर कोरडी, म्हणून कंपनीनं टँकरनं पाणी आणून तिच्यात ओतलं. हीरोनं बटण दाबायचं, पाटात पाणी पडलं की म्हणायचं, "पंप असावा तर असा." बस, एवढंच.

बटण दाबलं, पाणी आलं, हीरो अडखळला. पुन्हा. दुसऱ्यांदा "पंप" म्हणून थांबला. तिसऱ्यांदा हसू आलं म्हणाला. तोवर बांधापलीकडच्या बायकांच्या लक्षात आलं की तो चुकला की पाणी पुन्हा सुटतं. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं त्या पाटाच्या खालच्या टोकाला रांगेनं बसल्या आणि तांब्यानं घागरी भरू लागल्या.

अकरा वेळा झालं. डायरेक्टर डोकं धरून बसला. रांगेत शेवटी एक म्हातारी होती. तिची घागर भरली, सुनेनं ती उचलून तिच्या डोक्यावर दिली. बाराव्या टेकला हीरोनं वाक्य म्हटलं, खणखणीत.

त्याचा मॅनेजर आमच्यापुढं हात जोडत आला. "साहेबांना बारा टेक लागले, हे कुठं छापून येऊ देऊ नका. नाव खराब होईल."

मी हीरोला पाण्याचा ग्लास द्यायला गेलो. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

त्यानं घाम पुसला. "बरी आहे," तो म्हणाला. "वाक्य फार अवघड होतं हो."