परत पाठवलेलं डुक्कर

मी कुणाचं काही ठेवून घेत नाही. हा माझा सद्गुण आहे अशी माझी पंचावन्न वर्षं पक्की समजूत होती.

आमच्या घरी दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालून पाठवायची, ही आईची शिकवण. ती मी पुण्याहून इंग्लंडात, रीडिंगला आणली आणि बायकोने, म्हणजे मीनलने, तिच्यात भर घातली. शेजारच्या ग्रॅहमने एकदा बागेतली दोन कूर्जेट्स, म्हणजे तिकडची काकडीसारखी भाजी, पिशवीत घालून दिली. संध्याकाळच्या आत पिशवी बेसनलाडवांसह परत! ग्रॅहमने थँक-यू कार्ड पाठवलं. कार्डाबद्दल आम्ही चिवडा दिला. चिवड्याबद्दल त्याने केक आणला, केकच्या डब्यातून साटोऱ्या गेल्या. आता ग्रॅहम कुंपणावरून कूर्जेट्स आत टाकतो आणि घरात पळतो. (बिचारा लाजतो, असं आम्ही समजत होतो.)

अशा आम्हा दोघांना आमच्या ईराने ग्वामला नेलं. ईरा आमची एकुलती एक, साउथॅम्प्टनला नोकरी करते. तिथल्याच हॉस्पिटलात फिजिओ असलेल्या बेनशी तिला लग्न करायचं होतं. बेन ग्वाम बेटाचा, तिथल्या मूळच्या चामोरो लोकांतला. पॅसिफिकमधलं हे बेट नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं. त्याच्या राजधानीचं नाव हगात्न्या. (हे नाव मीनलच्या आत्याबाईंना फोनवर सांगायची सोय नव्हती, म्हणून आम्ही जुनं नाव सांगितलं, अगान्या. आत्याबाई म्हणाल्या, "गोव्याकडे का?")

अडचण एकच होती. बेनला आईबाप नाहीत, त्याला आजीने वाढवलेलं. तिकडे आजीला नाना म्हणतात. (आमच्याकडे नाना म्हणजे मिशीवाले थोरले काका, त्यामुळे "नाना आली" म्हणताना माझी जीभ शेवटपर्यंत अडखळत होती.) ही नाना विमानात बसत नाही, आणि तिने हो म्हटल्याशिवाय बेन लग्न करणार नव्हता. तेव्हा सुट्टी काढून, तीन विमानं बदलून, आम्हीच तिच्या दारात!

विमानतळावरच ईराने मला बाजूला घेतलं.

"बाबा, प्लीज, तू जास्त काही करू नको. जस्ट नॉर्मल राहा."

"मी नॉर्मलच असतो."

"नाही बाबा. ग्रॅहमला विचार. माझा पूर्ण लाइफचा प्रश्न आहे, ओके?"

बेनने आम्हाला तिथली रीत शिकवली. वडीलधाऱ्यांचा उजवा हात हातात घ्यायचा, वाकायचं आणि तो नाकाशी न्यायचा. सोपं होतं. नाना अंगणात शामियान्याखाली बसली होती, सभोवती वीसएक नातेवाईक. तिने हात पुढे केला. मी वाकलो... आणि पंचावन्न वर्षांच्या सवयीने हात ओलांडून थेट पायांकडे गेलो! नानाला वाटलं, माझं काहीतरी पडलं. ती खाली बघायला लागली. बेनची रीटाआंटी खाली बसली. टिनो नावाचा दारात न मावणारा चुलतभाऊ गुडघ्यावर आला. "काय पडलं? चष्मा? अंगठी?" सगळं खानदान गवत चाचपू लागलं. आता "नमस्कार करत होतो" असं सांगणं मला अवघड झालं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर शोधायला लागलो.

जेवण मात्र झकास होतं. तांबडा भात, नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस, आपल्या पोळीची बहीण शोभेल अशी नारळाची तितियास. मीनल शाकाहारी आहे म्हटल्यावर दोन बायकांनी तिच्यासाठी वेगळं काय काय केलं होतं. "नको, नको, पुरे," असं मीनल रीतीप्रमाणे म्हणायची आणि ताट पुढे करायची; हे त्यांना न शिकवता कळलं. निघताना नानाने फॉइलचे मोठाले ट्रे गच्च भरून आमच्या हातात दिले. बेन म्हणाला, "नाही म्हणायचं नाही. पाहुणा इथून रिकाम्या हाताने जात नाही."

मीनलचे डोळे भरून आले. "अहो, ही आपलीच माणसं आहेत हो!"

नानाच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, कॅथीड्रलच्या मागे, आम्ही एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला होता; ईरा नानाकडेच उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला रवा भाजल्याच्या वासाने जाग आली. (रवा? रीडिंगहून आणलेला. विचारायचं काय त्यात!) मीनलने फॉइलचे ट्रे घासूनपुसून लख्ख केले होते.

"अगं, हे फेकून द्यायचे असतात."

"त्यांचे आहेत ना? मग रिकामे कसे ठेवायचे?"

ट्रेभर शिरा घेऊन मी नानाच्या दारात उभा राहिलो. नानाने शिऱ्याकडे पाहिलं, घासलेल्या ट्रेकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं, आणि "थँक यू" म्हणाली. दुपारी आमच्या दाराशी टिनोचा पिकअप ट्रक! आत भला मोठा कूलर, म्हणजे बर्फाची पेटी, त्यात मासे, शहाळी, केळी.

"मासे तुम्ही खा," मीनल म्हणाली, "कूलरचं मी बघते."

कूलर बटाट्याची भाजी आणि पुऱ्या घेऊन परत गेला. संध्याकाळी दोन कूलर आले. ते मसालेभात घेऊन गेले. मग केळ्यांचा अख्खा घड आला, मग नीरफणसांची रास, मग लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं पातेलं. पातेलं बघून मीनलने पदर खोचला. (जीन्सवर पदर नव्हता, पण खोचला.) आंघोळीच्या टबात बटाटे धुतले, मी इस्त्रीच्या टेबलावर कांदे चिरले आणि टिनो ट्रकमध्ये पुन्हापुन्हा मान डुलवून पोहे खाऊ लागला. सुट्टीवर आलेल्या माणसांनी समुद्र बघायचा असतो. आम्ही सुपरमार्केटात मोहरी शोधत होतो.

"छान चाललंय," मी ईराला फोनवर सांगितलं. "नानाला आम्ही फार आवडलोय. थांबतच नाही म्हातारी!"

"आर यू शुअर, बाबा? नाना आज खूप गप्प आहे."

"सुगरणीसमोर सुगरण आली की असंच होतं."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टिनो पुन्हा आला. आज त्याने फुलाफुलांचा नवा शर्ट घातला होता. ट्रकच्या मागे एक डुक्कर होतं. जिवंत! त्याच्या गळ्यात लाल रिबिनीचा बो होता आणि ते माझ्याकडे अतिशय सभ्यपणे बघत होतं.

"नानाकडून," टिनो म्हणाला आणि छाती फुगवून उभा राहिला.

फ्लॅटच्या मालकीणबाई खिडकीतून ओरडल्या, "इथे कुत्रंसुद्धा चालत नाही!"

मी मीनलकडे पाहिलं. कूलरला भाजी, पातेल्याला पोहे, हे ठीक. डुकराच्या बदल्यात माणूस काय देणार? आणि मुळात डुक्कर आम्ही ठेवणार कुठे, खाणार कोण?

"परत पाठवू या," मी म्हणालो.

"रिकामं?" मीनल दचकली.

तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून ती कल्पना निघाली. मी आत गेलो, पावशेर साखर कागदात बांधली आणि ती पुडी रिबिनीला नीट गाठ मारून डुकराच्या गळ्यात अडकवली. मीनल म्हणाली, "किती सुचतं हो तुम्हाला!" टिनोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ट्रक फार हळू वळला.

त्यानंतर दारात कुणी आलं नाही. तासाभरात मीनलसुद्धा दोनदा गॅलरीत जाऊन रस्ता बघून आली.

आली ती ईरा, आणि तिच्याबरोबर रीटाआंटी. ईराचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, तू डुक्कर परत केली?"

"बरोबर साखर दिली होती."

"बाबा!!" ती सोफ्यावर बसली आणि लहानपणी रडायची तशी, तळव्यांनी डोळे चोळत रडायला लागली.

रीटाआंटीने आम्हाला समोर बसवून समजावलं. "आमच्याकडे दिलेली वस्तू लगेच फेडत नाहीत. कुणी दिलं की घ्यायचं, लक्षात ठेवायचं, मग पुढे त्यांच्या घरी लग्न असो की मयत, आपण धावून जायचं. असं देणंघेणं शिल्लक राहतं म्हणूनच नातं राहतं. लगेच फेडतो तो परका. त्याला तुमच्याशी संबंध नको असतो."

"अहो, पण आमच्यात—" मीनलचा आवाज चिरकला.

"नानाने पहिल्या दिवशी मनावर घेतलं नाही. मग वाटलं, हे लोक लाजतात, जरा जास्त पाठवावं. तिने जेवढं पाठवलं, तेवढं तुम्ही तासाभरात तिच्या दारात आणून टाकलंत. तरी आज तिने मन मोठं केलं. ते डुक्कर तुम्हाला जेवायला नव्हतं. मुलांचं लग्न ठरल्याच्या जेवणाचं होतं. ते पाठवणं हाच तिचा होकार."

म्हणजे आजीने होकार दिला होता आणि मी त्याच्या गळ्यात साखरेची पुडी बांधून तो परत केला होता!

मी ईराशेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. मुलीच्या सुखाला आपला हात लागावा आणि ते सांडावं, यासारखं वाईट काही नाही.

"आता काय करू? माफी मागू? फुलं नेऊ?"

"काहीही नेऊ नका!" रीटाआंटी जवळजवळ किंचाळली. "तिच्याकडे काहीतरी मागा."

मागा! मी इंग्लंडात तीस वर्षं काढली ती कुणाकडे काही न मागता. रस्ता चुकलो तरी विचारत नाही; एकदा ग्लासगोत याच कारणाने अख्खी दुपार एका हॉटेलला प्रदक्षिणा घालत होतो आणि हॉटेल आमचंच होतं. मीनलची अवस्था वेगळी नव्हती. मोकळ्या हातांचं काय करायचं हेच तिला कळेना. तिने नुसती ओढणी धरून ठेवली.

नाना अंगणातल्या शामियान्याखाली बसली होती. बेन तिच्या पायाशी, मान खाली घालून. डुक्कर कोपऱ्यात, पुडीसकट. मी नानाचा हात हातात घेतला, वाकलो आणि या वेळी बरोबर नाकाशी नेला. तिने हात काढून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाना," मी म्हणालो, "मला... म्हणजे फार त्रास नसेल तर... जमण्यासारखं असेल तर..."

"बाबा, जस्ट आस्क!" ईरा मागून कुजबुजली.

काय मागू? मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. नानाच्या मांडीवर वेताची छोटी करंडी होती. तिच्यात हिरवी पानं, चुन्याची डबी आणि ताजी, सालासकट सुपारी!

"थोडी सुपारी द्याल का?"

नानाने आता मान वर केली. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला घाम फुटला. मग तिने करंडीतून एक टपोरी सुपारी निवडली, आपल्या अडकित्त्याचं सावत्र भावंड शोभेल असं एक हत्यार उचललं आणि कट्‌कन सुपारी फोडली.

"अहो!" मीनल ओरडली. "सुपारी फुटली!"

सगळे दचकले. मीनल कधी नव्हे ती भरभर इंग्रजी बोलायला लागली. आमच्यात लग्न ठरलं की सुपारी फोडतात, दोन्हीकडची वडील माणसं समोर असतात, एकदा सुपारी फुटली की मागे फिरायचं नाही, झालं, ठरलं! बोलता बोलता ती रडत होती. बेन उठून उभा राहिला. नाना त्याच्याकडे आणि ईराकडे आळीपाळीने बघत होती.

"म्हणजे आता पक्कं?" नानाने विचारलं.

"पक्कं," मीनल म्हणाली.

नाना माझ्याकडे वळली. "आणि याच्या बदल्यात तुम्ही मला काय देणार?"

आयुष्यात प्रथमच मी म्हणालो, "काही नाही."

नाना हसली, तांबडंलाल तोंड उघडून, खदखदून. ईरा माझ्या गळ्यात पडली, मी बेनच्या, आणि टिनो आम्हा तिघांच्या. ते इतकं घट्ट होतं आणि मला इतका आनंद झाला होता की श्वास नेमका कशाने अडकला ते सांगता येणार नाही. मग नानाने पानाला चुना लावला, सुपारी आत घातली आणि विडा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात दिला.

ओली सुपारी मी कधी खाल्ली नव्हती. कान तापले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. शामियाना आधी सावकाश, मग घाईघाईने फिरायला लागला. रीटाआंटी म्हणाली, "सगळे जवळ या, फोटो!" आणि मी सगळ्यांच्या जवळ, पण आडवा आलो.

तो फोटो आता रीडिंगच्या आमच्या हॉलमध्ये लावलाय. नाना, बेन, ईरा, मीनल, सगळे दात काढून हसतायत आणि पुढे गवतावर मी डोळे मिटून उताणा पडलोय. घरी येणारा प्रत्येक जण हळूच विचारतो, "मुलीच्या लग्नाचा यांना एवढा धक्का बसला?"

"छे हो," मीनल सांगते, "यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाकडे काहीतरी मागितलं. ते सोसलं नाही."