दुधाची राख

साठचं दशक सरत आलं होतं. मी समुद्रकाठच्या अणुवीज केंद्राच्या प्रयोगशाळेत नवा होतो. वीज यायला अजून अवकाश होता. पण पुढे धुराड्यातून आणि सांडपाण्यातून किती किरणोत्सर्ग बाहेर पडतो हे कळायचं, तर आधी तिथं मुळातच किती आहे ते माहीत हवं. म्हणून आम्ही गावोगावचं दूध, मासळी, गवत, विहिरीचं पाणी मोजायचो. मी सुट्टीवर भातकुलीजवळच्या आमच्या गावी निघालो तेव्हा साहेब म्हणाले, "तिकडचंही दूध आणा. इतक्या लांबचं, तुलनेला बरं."

मायनं शेजारच्या काकूंकडून चरवीभर दूध आणलं. मी ते बरणीत ओतलं, नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले.

"आता याचं काय करतं?" मायनं विचारलं.

"आटवाचं, जाळाचं अन राख मोजाची."

"दूध जाळता तुमी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मी तिला सगळं समजावलं, जमेल तसं.

संध्याकाळी काकू तणतणत आल्या. "बाबू, माह्या म्हशीचं दूध जाळून राहिला म्हन्ते तू! म्हैस आटली तं? दे माहं दूध वापस."

मी घरातला पहिला बी.एस्सी., पण समजवायला मायच पुढे झाली. "थो उगाच नाई जाळत बाई. तिकडं कारखाना निंगून राहिला. त्याची घान पान्यात, चाऱ्यात गेली का नाई, हे राखेतच समजते. तुही म्हैस आटली तं मले विचार."

काकू पुटपुटत गेल्या, पण दूध राहिलं. मी ते प्रयोगशाळेत नेऊन जाळलं, त्यानंतर माय रोज सकाळी म्हैस दूध देते का बघायला त्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहायची. पुढच्या सुट्टीत मी आलो तेव्हा काकूंनीच मला भरलेली चरवी दाखवली.

त्या राखेत मात्र थोडासा किरणोत्सर्ग सापडला होता. परदेशात हवेत फोडलेल्या बॉम्बांची धूळ पावसाबरोबर सगळीकडेच उतरली होती. घाबरण्याइतकी नव्हती. गप्प बसलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. पण त्याच सुट्टीत मी दोघींना सांगून टाकलं.

माय म्हणाली, "आपल्या गावात सडक नाई आली अजून, अन हे आलं?" आणि मग, "तुमच्या कारखान्यातून असं निंगालं तं?"

"पानी आधी टाक्यात कोंडून ठेवाचं. त्याचा जोर उतरू द्याचा. मंग मोजाचं. हद्दीत असन तरच सोडाचं."

"मोजते कोन?"

"आमी."

"मंग सोडनाऱ्यानं घाई केली, तं तू नाई म्हन. सायेब असला तरी."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा मी नीट बसलो आणि म्हणालो, "हो माय. म्हनीन."