दुपारची रांगोळी

आमवात हा शब्द पुण्यात फार सैल झाला आहे. न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश शरीरात साचतो, त्याला शास्त्र ‘आम’ म्हणते. तो वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसला आणि तेथे सूज, ऊब व ताठरपणा आला, तरच तो आमवात. झिजलेल्या हाडांची कुरकुर म्हणजे आमवात नव्हे. पण आमच्या सदाशिव पेठेत गुडघा वाजला की आमवात, पाठ धरली की आमवात!

गुरुजींच्या ओसरीवर मी बारा वर्षे औषधे कुटली. खलाच्या तळाशी चूर्ण राहावे तसे किस्से साठत गेले. त्यांतला एक गावभर फिरतो, आणि चुकीचा फिरतो. एका सुनेचा संसार त्यात मोडायच्या बेतात होता, म्हणून तो नीट सांगितला पाहिजे. पण आधी बाकीचे; त्यांवाचून तो कळणार नाही.

*

पागेतले एक वृद्ध स्वार लंगडत आले. “शास्त्रीबुवा, आमवातानं खाल्लं मला!”

गुरुजींनी विचारले, “सकाळी आखडलेले गुडघे मोकळे केव्हा होतात?”

“तोंड धुऊन होईतो.”

“आणि दुखतात केव्हा?”

“पर्वती चढताना. बसलो की बरं वाटतं.”

“घोड्यावर किती वर्षं काढलीत?”

“चाळीस.”

“मग हा आमवात नव्हे. गुडघे झिजले आहेत. तेल चोळा, आणि देवाला पायथ्यापासूनच नमस्कार करा.”

स्वार बिथरले. “अहो, पण देव वर आहे!”

“त्याला खालचं दिसतं.”

*

दफ्तरातले एक कारकून उजव्या हाताचा अंगठा सांभाळत आले. त्यांना आमवातच हवा होता. साधे दुखणे रजेला पुरत नसे.

“डावा हात कसा आहे?”

“उत्तम.”

“अंगात कणकण? ग्लानी? अन्नावरची वासना गेली?”

“छे! कालच श्रीखंडाच्या तीन वाट्या झाल्या.”

गुरुजी म्हणाले, “आमवात बहुधा दोन्ही हात सारखेच धरतो, आणि सगळा माणूस गळून जातो. आपला आजार नेमका लेखणीचा हात ओळखतो. फार शिकलेला आजार आहे!”

*

आता माझी चूक.

गुरुजी परगावी होते. शेजारच्या आळीतल्या राधाबाई आपल्या सुनेला, यमुनेला घेऊन आल्या. बायकांना घरकामातून सवड होते ती तिसऱ्या प्रहरी, म्हणून त्या तेव्हाच आल्या. यमुना विशीतली. ती हळूच म्हणाली, “सकाळी हात ताठतात.” राधाबाई हसल्या. मी बोटे वाकवून पाहिली, वाकली. सूज म्हणावी अशी दिसली नाही. साधा वात ठरवून मी तेल दिले आणि स्वतःवर खूश झालो.

आठ दिवसांनी गुरुजी परतले. मी हकिकत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, “कोणत्या प्रहरी पाहिलंस?”

“तिसऱ्या.”

“म्हणजे आजार घरी नसताना गेलास!”

*

दुसऱ्याच दिवशी राधाबाई यमुनेसह पुन्हा आल्या. “शास्त्रीबुवा, गाडी सांगितली आहे. उद्या हिला मांजरी गावी, माहेरी पोचवते, कायमची. हिला काही झालेलं नाही एवढं आपण सांगा, म्हणजे व्याह्यांना तोंड देता येईल.”

यमुनेने मान वर केली नाही.

“ढोंग आहे हे कशावरून?” गुरुजींनी विचारले.

“अहो, कशावरून काय! पहाटे हिला जात्याचा खुंटा धरवत नाही. दोन्ही हातांची बोटं लाकूड! तांब्या उचलते तो मनगटांत धरून. बोटांची पेरं टम्म. आणि चार घटका गेल्या की तीच बोटं चालायला लागतात! दुपारी पोळ्या लाटते. दारात रांगोळी पडते तीही दुपारी. पेठ हसते आम्हांला. जेवायला बसवावं तर भूक नाही. संध्याकाळी अंग कोमट. तीन महिने हेच सोंग. त्यात तुमच्या तेलानं सांधे आणखी फुगले!”

गुरुजींनी हातातला बत्ता खाली ठेवला. “हे सगळं पुन्हा एकदा म्हणा.”

राधाबाईंनी म्हटले, या वेळी अधिक मोठ्याने.

“राधाबाई, आपण वैद्यकी कोठे शिकलात?”

“म्हणजे?”

“माझ्या शिष्याला जो आमवात दिसला नाही, तो आपण तीन महिने रोज पाहात होतात. एक लक्षण सुटलेलं नाही.”

राधाबाईंनी सुनेचा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला.

मग म्हणाल्या, “गाडीवाल्याला काय सांगू?”

“नको म्हणून सांगा. तेल बंद. सुंठीचा काढा, आणि कोरड्या तापल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेक. महिने लागतील.”

गावात सांगतात की गुरुजींनी नाडी धरली, क्षणात आमवात ओळखला, आणि सून एका रात्रीत अशी बरी झाली की दुसऱ्या पहाटे दारात रांगोळी उमटली. गुरुजींनी त्या दिवशी नाडीला हातही लावला नव्हता. यमुनेची बोटे सैलावायला पुढे वर्ष गेले. दुसऱ्या दिवशी रांगोळी मात्र खरोखरच पहाटे होती. नदीवर जाताना मी ती पाहिली. रेघा जाड होत्या, ठिपके वाकडे. सून घरात आल्यापासून रांगोळीची चिमूट न धरलेल्या सासूच्या हाताचे.