न उगवलेल्या बियाला जिवंत म्हणणाऱ्या ताई

लेख पाठवायला फार उशीर झाला, संपादक मंडळींनी क्षमा करावी. काय लिहू, चुकलं तर ताईंना काय वाटेल, याच घोरात दिवस गेले. ताईंचा गौरवग्रंथ छापायला गेला असेल तर हे कागद निदान ताईंना पोचते करा.

वसुधाताई जालन्याच्या आमच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत प्रमुख म्हणून आल्या, तेव्हा मी तिथे मदतनीस होतो. किती बी उगवतं ते पाहायला ओल्या कागदावर बी मांडून गुंडाळ्या करायच्या, हे माझं काम. आधीचे साहेब मला 'अरे' म्हणत. ताई पहिल्याच दिवशी 'अहो दादा' म्हणाल्या, तर मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का.

पुढे कॉम्प्युटर आला, तोही ताईंच्याच खटपटीने. नमुन्यावरचं नाव जाऊन नुसता नंबर आला. कोणाचा माल आहे हे मांडणाऱ्याला कळूच नये, असं ताई म्हणत. मला ते पटावं की न पटावं, कळेना. ताईंनीच मला स्वतःच्या खुर्चीत बसवून आकडे भरायला शिकवलं.

त्याच वर्षी तीर्थपुरीचे शेतकरी अंकुशराव यांचा मूग कॉम्प्युटरच्या पडद्यावर नापास झाला. बियाण्यासाठी पिकवलेला माल आता डाळीच्या भावाने जाणार होता. अंकुशराव येऊन दारातच उभे राहिले.

"पास-नापास आता ह्यो डबा करून राह्यला का? मंग तुमचा पगार कशाचा?" ते मला म्हणाले. मी ताईंना बोलावून आणलं.

ताईंनी गुंडाळ्या परत उघडल्या. बरेच दाणे गणंग होते. उसळीचा मूग भिजत घातला की काही दाणे खड्यासारखे राहतात, तसे. असे दाणे वेगळे मोजून उगवणीत धरायचे, हा तपासणीचा नियम. पण प्रोग्रॅममध्ये उगवलं आणि मेलं, एवढेच दोन रकाने होते. प्रोग्रॅम करणारा औरंगाबादचा तरुण म्हणाला, मशीन चुकत नसतं.

अंकुशरावांनी ताईंना एकच विचारलं, "बी जित्तं हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"जिवंत आहे. अजून पाणी प्यालेलं नाही, इतकंच."

ताईंनी त्यातले काही दाणे पॉलिश पेपरवर हलके घासले आणि अंकुशरावांच्या देखत पुन्हा ओल्या कागदात ठेवले. काही दिवसांनी बोलावून दाखवलं, तर मोड आले होते. नवा रकाना होईपर्यंत त्यांनी एकाही निकालावर सही केली नाही. वरून फोन येत, ताई शांतपणे 'थांबावं लागेल' म्हणत. रकाना झाला, मूग बियाणे म्हणूनच गेला.

कॉम्प्युटर ताईंनीच आणला आणि त्याच्याशी भांडल्याही ताईच. दोन्हीतल्या खऱ्या ताई कोणत्या, हे मला आजही नीट उमगलेलं नाही.

ताई, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी निरोगी पार पडो. कोणी सांगतं तुम्ही पुण्याला मुलीकडे आहात, कोणी सांगतं दवाखान्यात. अंबडच्या बाजारात अंकुशराव भेटले की हात धरून विचारतात, "ताई बऱ्या हायेत ना?" मी 'हो' म्हणून पुढे होतो. दोनच ओळी पाठवा, पण लवकर पाठवा.