सातवं बोट

संग्रहालयाच्या तळघरात मावशी एकतीस वर्षं दगडात अडकलेली हाडं सुईने मोकळी करत आल्या. भिंगाखाली मान घालायची, कणाकणाने दगड उडवायचा, भुकटी फुंकायची. भुकटी राखाडी असली तर दगड, तपकिरी असली तर हाड, आणि तपकिरी दिसली की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. कामात मावशी कुणाचं ऐकून घेत नसत. घरीही सुनेने आवरलेलं कपाट त्या पुन्हा आवरत, आणि सून बिचारी मूग गिळून बसे.

शेवटच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं त्या दगडाच्या एकाच लादीवर होत्या. पस्तीस कोटी वर्षांपूर्वी तळी आटू लागली, तेव्हा चिखलात पंजे रोवून बाहेर पडलेल्यांपैकी हा एक हातभर लांबीचा प्राणी. "पाणी संपलं म्हणून तो चालायला शिकला," त्या नवऱ्याला सांगत, "आणि तुम्हाला पाण्याचा पेला उचलून ठेवता येत नाही."

त्यातच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. मावशींनी ब्रही काढला नाही. ऑपरेशन म्हणजे रजा, आणि तोवर लादी दुसऱ्याच्या हातात. ते त्यांना सोसणारं नव्हतं.

एके सकाळी लादीत टिकलेल्या एकुलत्या एका पंजाच्या सहाव्या बोटाशेजारचा बारीक उंचवटा त्यांनी दगड समजून खरवडून काढला. जेवायला उठताना एप्रन झटकला, आणि चार कण चिकटून राहिलेले दिसले. दारापाशी उजेडात जाऊन डाव्या डोळ्याने पाहिलं. तपकिरी. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

महिन्याभराने विभागाच्या साहेबांनी बोटं मोजली आणि खुर्चीतून उठलेच. "सहा! त्या काळातले बाकी सगळे सात बोटांचे. मावशी, ही नवीनच जात आहे. बोटं कमी व्हायला इथूनच सुरुवात झाली!" साहेबांनी त्यावर पुस्तक लिहिलं. सुरुवातीला मावशींचे आभार मानले होते. ते पान मावशींनी परत कधी उघडलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, सातवं बोट होतं. मला नीट दिसत नव्हतं. मी खरवडलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काही पुरावा?"

"भुकटी होती. झटकली."

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग हळूच म्हणाले, "कोणाला बोलला नाहीत ना? आता बोलूही नका."

ते ओरडले असते तर मावशींना बरं वाटलं असतं. त्याच तयारीने त्या गेल्या होत्या.

जाताना त्या लादी बघायला वर दालनात आल्या. काचेपुढे शाळेची मुलं मोठ्याने मोजत होती आणि सहावर थांबली.

"सातवं कुठे गेलं, बाई?" एका मुलीने विचारलं.

"निसर्गाला ते नको होतं," बाई म्हणाल्या.

मावशींनी उजवा हात पिशवीआड घेतला आणि जिना उतरायला लागल्या.