लांबट चिप

कुंडलिक कांबळेसारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या गाळ्यात आम्ही दोघं वीस वर्षं शेजारी बसलो. प्रोसेसरची चिप थंड राहावी म्हणून तिच्यावर पेस्ट लावतात. त्याची पद्धत ठरलेली, मधोमध मुगाएवढा एकच ठिपका. वरून उष्णता ओढणारी धातूची पट्टी दाबली की तो चारी कोपऱ्यांत पसरतो. कुणी पेस्ट फासताना दिसलं की हा म्हणणार, "भिंत रंगवतोयस काय रे?"

त्याचा मुलगा चैतन्य बंगळुरूच्या एका कंपनीत चिपचे आराखडे काढायचा. बापाला चिडवायचा, "बाबा, मी चिप लांबट करणार. मग तुमच्या ठिपक्याची वाट लागणार!" तिथले साहेब मात्र त्याचा आराखडा घेत नव्हते. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. त्याची आई, शांतावहिनी, अजून त्याचा फोन चार्ज करून ठेवतात.

यंदा कुंडलिकनं दुरुस्त केलेला एक लॅपटॉप तापतो म्हणून परत आला. वीस वर्षांत पहिल्यांदाच. उघडला तर आतली चिप लांबट. ठिपका मध्येच राहिलेला, दोन्ही टोकं कोरडी. मी त्याची खेचणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून सुटे स्क्रू गोळा करायला लागलो.

मग डबा खाताना रोज तोच विषय. आकार का बदलला असेल?

"सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिप कापून निघत असतील," मी म्हणायचो.

"छे रे. चौकोनात मधल्या भागाची उष्णता कोंडते. चाळीसारख्या खोल्या ओळीत मांडल्या की प्रत्येकीला हवा लागते. चैतन्य हेच सांगायचा." एक दिवस तो उघडा लॅपटॉप समोर ओढून त्यानं विचारलंच, "दशरथ, ही चिप त्याचीच असेल ना रे?"

चिपच्या कडेला कंपनीचं नाव छापलेलं होतं. ती चैतन्यची कंपनी नव्हती. मी फटकळ माणूस, खरं ते तोंडावर बोलणारा.

"असेल," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. नाव मलाही वाचता येतं." त्यानं चष्मा काढून पुसला. "पण साहेबांनी ऐकलं असतं तर त्याची चिपही अशीच झाली असती ना?"

मला रडू आवरेना. त्यानं पेस्टची सिरिंज उचलली आणि त्या लांबट चिपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली.

"जिंकला रे पोरगा," तो म्हणाला. "चिडवायला मात्र नाही."